सामूहिक बियाणे : कायद्याच्या लेखी कोणाचे?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेलगत जामखेड तालुक्यातील खर्डा हे गाव वसले आहे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात येथे झालेल्या लढाईमुळे हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या परिसरातील शेतकऱ्याची रोजची झुंज मात्र अवर्षणाशी आहे. खरिपात उडीद, तूर, बाजरी आणि अलीकडे सोयाबीन, रब्बीत ज्वारी आणि हरभरा, असा येथील पीकक्रम. पाऊस लांबला आणि दुबार पेरणीचे संकट आले की घराघरात पहिला प्रश्न उभा राहतो तो बियाण्याचा. घरात बी आहे का? नसेल तर कोणाकडे मिळेल? दुकानातून आणायचे तर पैसे कोठून उभे करायचे?

या प्रश्नाचे उत्तर पूर्वी घरातील स्त्रीकडे असे. उभ्या पिकातून टपोरी कणसे निवडून ठेवणे, ती आढ्याला टांगणे, दाणे राखेत घोळून कडुनिंबाच्या पाल्यासह मडक्यात भरणे आणि मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपून घेणे, ही सारी कामे तिची. शेजारणीचे बी कमी पडले तर आपल्यातले काढून द्यावे आणि सुगी झाल्यावर तिने थोडे वाढवून परत करावे, हा व्यवहार कोणत्याही पावतीविना चालत असे. संकरित वाणांचा प्रसार आणि १९७२ च्या दुष्काळासारखे आघात यांमुळे ही रीत क्षीण झाली; परंतु ती संपली नाही. गेल्या काही वर्षांत तर ती ‘बियाणे बँक’ या नव्या नावाने पुन्हा उभी राहू लागली आहे.

नेमक्या याच काळात देशाचा बियाणे कायदा बदलण्याच्या हालचाली सुरू झाल्या. केंद्रीय कृषी मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बियाणे विधेयकाचा नवा मसुदा प्रसिद्ध केला आणि ११ डिसेंबर २०२५ पर्यंत त्यावर सूचना मागविल्या. मसुद्यावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेतील एका मुद्द्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. शेतकऱ्याने शेतकऱ्याला बी द्यावे, याला कायदा मान्यता देतो. मात्र गावाने मिळून बी राखले आणि वाटले, तर त्या गावाला कायदा कोणत्या नावाने ओळखणार, याचे स्पष्ट उत्तर आजवरच्या कोणत्याही बियाणे कायद्यात सापडत नाही.

कायदा हवाच, तो कशासाठी?

बियाण्यावर सरकारी नियंत्रण नकोच, अशी भूमिका काही मंडळी घेतात. ती आम्हाला मान्य नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे उगवलेच नाही, अशा तक्रारी मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांतून आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. पेरणीचा खर्च वाया गेला आणि हंगामही हातचा गेला. निकृष्ट बियाणे विकणाऱ्यास १९६६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे तो कमाल ५०० रुपयांचा. साठ वर्षांपूर्वीची ही रक्कम आज दंड म्हणण्याच्याही लायकीची उरलेली नाही. म्हणून कायदा कडक व्हावा, बियाण्याच्या पिशवीचा मागोवा कारखान्यापर्यंत घेता यावा, ही मागणी न्याय्य आहे. नव्या मसुद्यात पिशवीवर क्यूआर कोड बंधनकारक करण्याची आणि गंभीर गुन्ह्यांसाठी ३० लाख रुपयांपर्यंत दंड व ३ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद सुचविण्यात आली, ती याच हेतूने.

तथापि २०२० च्याच त्या अनुभवाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. बाजारातील बियाण्याने दगा दिल्यावर राज्याच्या कृषी विभागाने शेतकऱ्यांना काय सांगितले? घरचे सोयाबीन राखून ठेवा, त्याची उगवणक्षमता घरीच तपासा आणि तेच पेरा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून ती ओलसर ठेवायची आणि सुमारे आठवड्याने मोजायचे. सत्तर वा अधिक दाण्यांना चांगले कोंब आले तर बी पेरणीयोग्य समजायचे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक असल्याने त्याचे सरळ वाणाचे बी दरवर्षी विकत घेण्याची गरज नसते, हेही कृषी अधिकाऱ्यांनी गावोगाव समजावले. म्हणजे बाजार कोलमडला तेव्हा शासनालाही घरातल्या बियाण्याचाच आधार घ्यावा लागला. हा आधार ज्या व्यवस्थेतून येतो, तिला नव्या कायद्याचा धक्का लागू नये एवढीच आमची अपेक्षा आहे.

एक कल्पित उदाहरण

विषय सोपा व्हावा म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा, खर्ड्यातील एका महिला बचत गटाच्या दहा स्त्रियांनी ठरविले की गावठी ज्वारी, तूर, उडीद, वाल, भोपळा, दोडका यांची बियाणे एकत्र जमवायची. त्यांनी एक खोली घेतली, वीस बरण्या मांडल्या, प्रत्येक बरणीवर वाणाचे नाव, वर्ष आणि बी देणाऱ्या बाईचे नाव लिहिले. ज्याला बी हवे त्याने न्यावे आणि सुगीनंतर दुप्पट परत करावे, असा नियम केला. परत करणे ज्यांना शक्य नाही त्यांच्याकडून थोडे पैसे घ्यायचे ठरले. शेजारच्या तालुक्यात बियाणे महोत्सव भरला की तेथेही चार पुड्या घेऊन जायचे ठरले. या स्त्रियांनी कायद्याच्या दृष्टीने काही वावगे केले काय?

१९६६ च्या बियाणे कायद्याचे २४ वे कलम शेतकऱ्याला मोकळीक देते. स्वतः पिकविलेले बी त्याने स्वतःच्या जागेवर, पेरणीसाठी नेणाऱ्या माणसाला थेट दिले वा विकले, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. हे कलम उदार आहे, पण त्यातील शब्द नीट वाचा. बी ‘स्वतः’ पिकविलेले हवे. आपल्या गटाच्या खोलीतील बी दहा जणींनी पिकविलेले आहे. देवघेव ‘स्वतःच्या जागेवर’ हवी. बियाणे महोत्सवाचा मांडव कोणाच्याच मालकीच्या शिवारात नसतो. आजवर यावरून फारशी अडचण आली नाही, याचे कारण निराळे आहे. तो कायदा सरकारने अधिसूचित केलेल्या पिकांपुरता व वाणांपुरताच चालतो आणि गावठी वाणांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. अभय मिळाले ते अशा दुर्लक्षातून.

१९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानुसार बियाणे विक्रीचा व्यवसाय करणाऱ्यास परवाना आवश्यक आहे. दुप्पट परतफेडीवर बी देणे हा व्यवसाय ठरतो का? पैसे घेऊन पुडी दिली तर ठरतो का? सामान्य माणूस ‘नाही’ असेच म्हणेल. पण परवाना तपासण्यास आलेल्या निरीक्षकासमोर सामान्य माणसाची समजूत पुरेशी ठरत नाही, तेथे कायद्याचा शब्द दाखवावा लागतो.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ हा या बाबतीत जगातील चांगल्या कायद्यांपैकी एक मानला जातो. त्याच्या ३९ व्या कलमाने शेतकऱ्याला संरक्षित वाणाचेही बी राखण्याचा, पेरण्याचा, बदलण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला आहे. केवळ ते छापील नावाच्या पिशवीत घालून विकण्यास मनाई आहे. शिवाय या कायद्याने ‘शेतकरी’ कोणाला म्हणावे हे सांगताना, पारंपरिक वाणांचे एकट्याने अथवा इतरांच्या साथीने जतन करणाऱ्यालाही शेतकरी मानले आहे. ‘इतरांच्या साथीने’ हे शब्द आम्हाला मोलाचे वाटतात. सामूहिक बियाण्याला भारतीय कायद्यात मिळालेली ही पहिली आणि जवळजवळ एकमेव जागा आहे.

नव्या मसुद्यातील रिकामी जागा

२०२५ च्या मसुद्याने शेतकऱ्याचा हक्क काढून घेतला, असा आरोप काही ठिकाणी झाला. तो तसा बरोबर नाही. शेतकऱ्यांनी विकसित केलेल्या वाणांना सक्तीच्या नोंदणीतून मसुद्यात वगळले आहे. शेतकऱ्याने आपल्या शेतातील बी राखावे, वाटावे, विकावे, फक्त ते ब्रँडच्या नावाखाली विकू नये, हे सूत्रही कायम आहे. येथवर पोहोचण्यासाठीसुद्धा बराच संघर्ष करावा लागला. डिसेंबर २००४ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकात, शेतकऱ्याने विकलेले बीही उगवणक्षमता आणि शुद्धतेच्या किमान निकषांत बसले पाहिजे, अशी अट होती. संसदेच्या स्थायी समितीने २००६ च्या आपल्या अहवालात त्या विधेयकातील त्रुटींवर बोट ठेवले आणि पुढे ते मंजूर झाले नाही. जागरूक टीकेमुळे कायद्याची भाषा बदलते, याचा हा दाखला होय.

अडचण आहे ती पुढे. मोकळीक आहे ती एकट्या शेतकऱ्याला. बियाणे विकणारा प्रत्येक विक्रेता, उत्पादक, प्रक्रिया केंद्र आणि रोपवाटिका यांना मात्र नोंदणी सक्तीची. आपल्या खर्ड्याच्या गटाला यांपैकी कोणत्या रकान्यात बसवायचे? महिलांचे गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बियाणे जतन करणाऱ्या संस्था उद्या ‘विक्रेते’ ठरतील, अशी भीती बियाणे स्वातंत्र्याचे कार्यकर्ते व्यक्त करतात, ती येथून उद्भवते. कंपनीला परवडणारी संगणकीय नोंद, कोड आणि कागदपत्रे वीस बरण्यांच्या खोलीला परवडणार नाहीत. लाखो रुपयांच्या दंडाचा नुसता उच्चार झाला तरी अशी खोली बंद होईल. तिच्यावर खटला भरण्याचीही गरज पडणार नाही.

दुसरी अडचण चिठ्ठीची आहे. बरणीवर वाणाचे नाव आणि बी देणारीचे नाव लिहिणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. किंबहुना त्याशिवाय बियाणे बँक चालविणे बेजबाबदारपणाचे ठरेल. पण नाव लिहिलेली पुडी आणि ब्रँडची पिशवी यांच्यातील सीमारेषा कोठे आहे? ती कायद्यात आखली नाही, तर प्रत्येक निरीक्षक आपापल्या मनाने आखील.

तिसरी अडचण ‘शेतकरी’ या शब्दाची. २०१९ च्या मसुद्यात शेतकरी म्हणजे लागवडयोग्य जमिनीचा मालक, तसेच सरकार अधिसूचित करील असे शेती करणारे अन्य घटक, अशी व्याख्या सुचविण्यात आली होती. आपल्याकडे बी राखते ती स्त्री आणि सातबाऱ्यावर नाव असते ते बहुधा पुरुषाचे. भूमिहीन मजूर आणि बटाईने शेत कसणारा यांचीही तीच गत. बियाण्याच्या कायद्यात शेतकऱ्याची ओळख सातबाऱ्यावरून ठरू लागली, तर बियाण्याची खरी राखणदार कायद्याबाहेर राहील.

याच जिल्ह्याचे दुसरे टोक

हे सारे केवळ कल्पनेतील नाही, हे पाहण्यासाठी खर्ड्याहून याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावी जावे. तेथे सह्याद्रीचा पाऊस आहे, खाचरे आहेत. पीकपाणी सर्वस्वी वेगळे. परंतु बियाण्याचा प्रश्न तोच. शाळेची पायरीही न चढलेल्या महादेव कोळी समाजातील श्रीमती राहीबाई पोपेरे यांनी भात, वाल, घेवडा, भाजीपाला यांची गावठी वाणे घरात जमविण्यास आरंभ केला. पुढे बायफ या संस्थेचे साहाय्य मिळाले, आसपासच्या स्त्रिया सोबत आल्या आणि घरातील संग्रहाची बियाणे बँक झाली. २०२० च्या यादीत त्यांचे नाव पद्मश्रीसाठी जाहीर झाले. ‘बीजमाता’ म्हणून त्या आज सर्वत्र ओळखल्या जातात.

राष्ट्राने या कामाचा सर्वोच्च पातळीवर सन्मान केला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सन्मान व्यक्तीचा झाला. ज्या प्रकारच्या सामूहिक व्यवस्थेमुळे हे काम उभे राहते, तिला कायद्यात अद्याप नावही नाही. पदक देणारे शासन आणि परवाना मागणारे शासन एकच असते. दोघांनी एकमेकांशी बोलावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड या गावचे कै. दादाजी खोब्रागडे यांची हकीकतही येथे आठवते. दीड एकराचा हा शेतकरी. १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून त्यांनी ‘एचएमटी’ हे धानाचे वाण सिद्ध केले आणि मागेल त्याला बी दिले. ते वाण हातोहाती पसरले. कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेऊन १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण प्रसारित केले. दादाजी ३ जून २०१८ रोजी निवर्तले, ते गरिबीतच. आपल्या खर्ड्याच्या शिवारात डोलणारी मालदांडी ज्वारीही अशीच आलेली आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक ज्वारीतूनच तिची निवड झाली. शास्त्रज्ञांचे श्रम मोठेच. पण त्यांच्या हाती आलेले मूळ बी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना देत जिवंत ठेवले होते. सामूहिक बियाणे आटले तर उद्याच्या संशोधनाचा झराही आटेल.

जगाचा अनुभव

हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेत सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकांप्रमाणे बियाणे देण्याची पद्धत रूढ झाली आहे. वाचकाने बी न्यावे, परसात लावावे आणि हंगामाअखेरीस नवे बी परत आणावे. २०१४ मध्ये पेन्सिल्व्हेनिया राज्यातील मेकॅनिक्सबर्ग येथील एका ग्रंथालयाला राज्याच्या कृषी खात्याने कळविले की, बियाणे कायदा तुम्हालाही लागू आहे आणि घरगुती बी वाटायचे तर त्याची रीतसर चाचणी हवी. मूठभर दाण्यांचा संग्रह, आणि चाचणीलाच शेकडो दाणे लागणार! या प्रकारावर देशभर चर्चा झाली. पुढे त्याच राज्याने अव्यावसायिक देवघेवीला हे नियम लागू नसल्याचे स्पष्ट केले. मिनेसोटा, नेब्रास्का आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्निया या राज्यांनी तर कायद्यात दुरुस्ती करून बियाणे ग्रंथालयांना तसे संरक्षण दिले. अधिकाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. कायद्यात ग्रंथालयासाठी शब्दच नव्हता, म्हणून त्याने त्याला दुकानाचा नियम लावला. शब्द मिळाला आणि वाद मिटला.

केनियात प्रकरण अधिक गंभीर होते. तेथे अप्रमाणित बियाणे विकणाऱ्या वा वाटणाऱ्या शेतकऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख शिलिंगपर्यंत दंड होऊ शकत असे. पंधरा छोटे शेतकरी न्यायालयात गेले आणि तेथील उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये, म्हणजे आपला मसुदा प्रसिद्ध झाला त्याच महिन्यात, अशा तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. जे स्पष्टीकरण कायदा करतानाच एका परिच्छेदात देता आले असते, त्यासाठी तेथील शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

काय व्हावे?

आमच्या मते बियाण्याच्या नव्या कायद्यात तीन गोष्टी स्पष्ट शब्दांत याव्यात. पहिली, शेतकऱ्याला दिलेली मोकळीक शेतकऱ्यांचे गट, महिला बचत गट, बियाणे बँका आणि बियाणे महोत्सव यांनाही, नफ्याचा व्यापार नसेल तोवर, नावानिशी लागू करावी. दुसरी, ‘शेतकरी’ या शब्दाची २००१ च्या कायद्यातील व्यापक व्याख्या जशीच्या तशी स्वीकारावी, म्हणजे सातबारा नसलेली स्त्री व भूमिहीन माणूस वगळला जाणार नाही. तिसरी, वाणाचे नाव, वर्ष आणि ठिकाण सांगणारी साधी चिठ्ठी म्हणजे ब्रँड नव्हे, हे नमूद करावे. या तीन गोष्टींमुळे बोगस बियाणे विकणाऱ्या कंपनीला कोणतीही पळवाट मिळत नाही.

मोकळीक मागणाऱ्यांवर जबाबदारीही येते. कीड लागलेले, भेसळ झालेले वा न उगवणारे बी गावठी आहे म्हणून पवित्र ठरत नाही. दुष्काळी भागातील गरीब शेतकऱ्याचा हंगाम बियाणे बँकेच्या निष्काळजीपणामुळे बुडाला, तर त्याचे दुःख कंपनीने फसविल्याइतकेच मोठे असते. म्हणून प्रत्येक बियाणे बँकेने गोणपाटाची उगवण चाचणी दर हंगामापूर्वी करावी, निकाल वहीत लिहावा आणि बी नेणाऱ्याला तो सांगावा. असा प्रामाणिक हिशेब ठेवला तर उद्या निरीक्षक आला तरी वही त्याच्यापुढे निःशंकपणे उघडता येईल.

आणखी एक मार्ग आजच खुला आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. अनेक गावांत ही नोंदवही कपाटात पडून असते. ग्रामसभेत उभे राहून, आमच्या गावची ज्वारी, आमचा वाल, आमचा उडीद यांची नावे आणि ती राखणाऱ्या स्त्रियांची नावे या वहीत लिहा, असा आग्रह धरण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आमच्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी आणि बचत गटांनी यात पुढाकार घ्यावा, अशी आमची विनंती आहे. येत्या सुगीत खळ्यावर जाण्यापूर्वी उभ्या पिकातून दहा चांगली कणसे बाजूला काढावीत, आणि त्यांचे नाव त्या वहीत आहे की नाही हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारावे.